छाया मागे

मी विमा कंपनीत आहे. माणसं सरासरी किती वर्षं जगतात याचे तक्ते बनवणं हे माझं काम, त्यामुळे चमत्कारांच्या गोष्टी मी हसण्यावारी नेते. २००५च्या सप्टेंबरात मी लंडनच्या एजवेअर भागात झकेरियाकाका आणि रिवकामावशींच्या घरी वरच्या खोलीत भाड्याने राहत होते. दोघं मुंबईचे बेने इस्राएल ज्यू, आणि मराठी माझ्या नागपुरीपेक्षा गोड.

काका शेवटच्या घटका मोजत होते. त्यांचा पलंग खाली मागच्या खोलीत आणला होता. काचेच्या दारातून बाग दिसायची. ती चढावर असल्याने तिला विटांच्या बारा पायऱ्या होत्या. दुपार कलली की घराची सावली एकेक पायरी वर सरकायची; बाराव्या पायरीवर पोचेपर्यंत सहा वाजून जायचे.

रविवारी चारच्या सुमाराला मावशींनी आपल्या वडिलांची कीर्तनाची वही माझ्या हातात दिली. मावशींना आता अक्षर दिसत नव्हतं, आणि मुलांना मराठी वाचता येत नव्हतं.

"हिज्कीया राजाचं आख्यान हाय. पद वाच आणि अर्थ सांग. अर्थ सांगितल्याबिगर कीर्तन लागू होत नाय."

मी वाचू लागले. ज्यूंच्या या प्राचीन राजाने मूर्ती फोडल्या, डोंगर पोखरून शहरात पाणी आणलं, अश्शूरच्या फौजेपुढे मान तुकवली नाही. मग आजारी पडला. घरची निरवानिरव कर, असं देवाच्या संदेष्ट्याने सांगितलं. राजा रडला. देवाने पंधरा वर्षं वाढवून दिली आणि एक खूण दाखवली.

"'दहा पायऱ्या छाया मागे, हिज्कीया राजा.'" मी शहाणपणाने अर्थही लावला. "म्हणजे, राजा दहा पायऱ्या सावली मागतो."

खोली अंधारली. ढग आला असेल म्हणून मी बाहेर पाहिलं. आभाळ निरभ्र होतं. मघाशी दुसऱ्या पायरीवर असलेली सावली बाराव्या पायरीवर होती.

काकांचा श्वास ऐकू येईना.

मावशींनी माझं मनगट घट्ट धरलं. "मागतो नाय गो. मागे. सावली मागे फिरली. परत सांग."

मी पुन्हा वहीत पाहिलं. "सावली... दहा पायऱ्या... मागे फिरली."

ऊन पायरी पायरीने खाली आलं. मी मोजत होते. दहा.

काका खोकले. मग म्हणाले, "रिवका, चहा टाक."

मावशी रडता रडता हसल्या. मीही हसले. खड्ड्यात गेले ते तक्ते, असं मनापासून वाटलं. इतकं हलकं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. मावशींनी त्याच गडबडीत चहात दोनदा साखर घातली.

पाच वाजता मायकेला, रोजची नर्स, आली. काकांना बशीतून चहा पिताना पाहून तिने मला मिठीच मारली. मग नोंद करायला तिने पलंगाशी ठेवलेली फाईल उघडली आणि तशीच उभी राहिली. मी डोकावले.

पानावर आजचीच तारीख होती. रुग्णाचा मृत्यू, संध्याकाळी सव्वासहा. खाली मायकेलाची सही.

तिने सहीवर बोट टेकवलं. बोटाला शाई लागली.