क्रमांक चारशे चोवीस

श्रीपादच्या घराला घंटी नव्हती. दारावरचं बटण दाबलं की स्वयंपाकघरात, ओट्याच्या वर, लाल दिवा लागायचा. दर्पण कॉलनीत नवा दूधवाला आला की तो बापडा बटण दाबून दाबून कंटाळायचा आणि शेवटी कडी वाजवायचा. कडीचा तर काहीच उपयोग नव्हता. दिवसभर घरात श्रीपादची धाकटी बहीण शामला एकटी असायची आणि तिला चौदा वर्षांपासून ऐकू येत नव्हतं.

एवढ्या एका कारणाने श्रीपादला ग्वाल्हेर सोडता येत नव्हतं, आणि २००० साली नेमकी तीच पाळी आली. नोव्हेंबरात छत्तीसगड वेगळं झालं. राज्याचे दोन भाग झाले तसे तो नोकरीला होता त्या सरकारी निगमाचेही झाले. टेबलं, जीपा, टाइपरायटर, माणसं, सगळ्यांच्या याद्या निघाल्या. रायपूरला जाणाऱ्यांच्या यादीत श्रीपादचं नाव सतरावं होतं.

मॅनेजर महिपतराव मनाने वाईट नव्हते. त्यांचे आजोबा फौजेत होते. हे स्वतः फायलींशी लढत.

"देखो श्रीपाद," ते म्हणाले, "आपल्या कारखान्याने शहाऐंशीपर्यंत ते बाजे बनवले होते ना, स्वरदा? किती बनले, कुठे गेले, कुणाला काही माहीत नाही. रजिस्टरं पाण्यात सडली. आता वाटणीसाठी नंबरवार यादी पाहिजे. कोणता नंबर कोणत्या महिन्यात बनला, चालू आहे की बंद. तू सर्व्हिसिंगला होतास. हे काम पक्कं करून दे, मी तुझं नाव कटवतो."

स्वरदा म्हणजे एकोणपन्नास पट्ट्यांचा विजेवर चालणारा कीबोर्ड. शाळांसाठी बनवलेला. लोक त्याला सरळ पेटीच म्हणत. उरलेल्या बहुतेक पेट्या शहरातल्या कंपू भागातल्या गोदामात पडून होत्या. पत्र्याचं छप्पर, डिसेंबरची थंडी, दाराशी शेगडी घेऊन बसलेला चौकीदार दौलतसिंह. श्रीपाद स्क्रू ड्रायव्हर, स्पिरिटची बाटली आणि कापूस घेऊन रोज सकाळी तिथे जाऊ लागला.

खरं सांगायचं तर त्याला काम आवडलं. पेटीच्या बुडाला पत्र्याच्या पट्टीवर नंबर ठोकलेला असे आणि झाकणाच्या आतून एक कार्ड चिकटवलेलं असे. त्यावर नंबर, तारीख आणि तपासणाऱ्याची सही. बरीच कार्डं वाळवीने खाल्ली होती. पण दोन शाबूत कार्डं सापडली की मधल्या नंबरांचा महिना काढता येई. एकशे नव्वदपर्यंत आतल्या तारा तपकिरी होत्या, पुढे राखाडी. तीनशेनंतर स्क्रू बदलले होते. दहा दिवसांत त्याने कारखान्याची चार वर्षं कागदावर उभी केली.

शेवटच्या कार्डांवर 'शा.' अशी सही होती. ती शामलाची. ती तिथे तपासनीस होती. डोळे मिटून एकेक पट्टी दाबायची, कान देऊन ऐकायची आणि मग सही करायची. शहाऐंशीच्या वसंतात तिचे कान जायला लागले. आधी ट्रकचे, मोटारींचे जाड आवाज गेले, मग माणसांचे, सगळ्यात शेवटी पाखरांचे. नोकरीच्या भीतीने तिने कुणाला सांगितलं नाही. शेवटचे आठवडे बोटांनी थरथर चाचपून तिने सह्या केल्या होत्या. कारखाना बंद झाला तोवर सगळं संपलं होतं. डॉक्टरांना कानांत काही दोष सापडला नाही. त्यांनी हात टेकले.

चारशे बारा नंबरचं खोकं सीलबंद होतं. श्रीपादने पेटी बाहेर काढली, प्लग लावला, पट्ट्या दाबल्या. सगळ्यात डावीकडची पट्टी मुकी होती. त्याने वायर काढून पेटी उघडली. तुटलेलं, गंजलेलं काही नव्हतं. फक्त त्या पट्टीखालची जागा कोमट लागली. गोदामात बोटं बधिर होत होती, पण तेवढी जागा कोमट. त्याने स्पिरिटच्या कापसाने ती पुसली. ती गार झाली आणि पट्टी वाजायला लागली. यादीत त्याने लिहिलं : चालू.

चारशे तेराची दुसरी पट्टी मुकी निघाली. चारशे चौदाची तिसरी.

"आता डावीकडून चौथी," पुढचं खोकं उघडण्याआधीच श्रीपाद म्हणाला. चौथीच निघाली. दौलतसिंह शेगडी सोडून जवळ आला.

"साहब, किसी ने चुन-चुन के बिगाड़ा है क्या?"

"सील कोणी तोडलं होतं का?"

"मेरे रहते तो नहीं."

त्या संध्याकाळी शामला मेथी निवडत बसली होती. अचानक तिने मान वर केली.

"दादा, बाहेर ट्रक उभा आहे का?" तिचा आवाज नेहमीसारखा सपाट आणि जरा मोठा होता.

खिडकी बंद होती. शेजारच्या बांधकामावर खरोखरच रेतीचा ट्रक उभा होता, इंजिन चालू ठेवून.

श्रीपाद हिशेबी माणूस. एका ट्रकवर विश्वास ठेवणारा नव्हे. त्याने डायरीत दोन रकाने आखले. एकात दिवसभरात सुरू केलेल्या पट्ट्या, दुसऱ्यात शामलाला ऐकू आलेलं. रविवारी गोदाम बंद होतं, त्या दिवशी नवं काही नाही. सोमवारी सहा पट्ट्या, रात्री पाण्याची मोटर. मंगळवारी आणखी काही, आणि बुधवारी सकाळी भाजीवाल्याची हाक. दोन्ही रकाने बरोबरीने भरत गेले. आता त्याला जेवण गोड लागेना. यादी, बदली, महिपतराव सगळे मागे पडले. चारशे बारा ते चारशे साठ, बरोबर एकोणपन्नास पेट्या. त्याला त्या सगळ्या हव्या होत्या.

मधली एक मात्र नव्हती. चारशे तेवीस आणि चारशे पंचवीस यांच्यामध्ये धुळीत एका खोक्याएवढा स्वच्छ चौकोन होता. मिळेल पुढेमागे, म्हणून तो वरच्या नंबरांकडे वळला.

ज्या दिवशी चारशे तीसच्या पुढच्या नंबरांचं काम झालं, त्या दिवशी शामला दारातच उभी होती.

"दादा, माझा आवाज म्हातारा झाला की रे!" ती म्हणाली आणि एकाच वेळी हसायला आणि रडायला लागली. श्रीपादलाही रडू आवरलं नाही.

गोदामात नसलेल्या आणखी चार पेट्यांचा त्याने शहरभर माग काढला. शेवटची, चारशे साठ, गोरखीजवळ लीलाताईंच्या गाण्याच्या वर्गात निघाली. "ही टोकाची पट्टी कधी वाजलीच नाही हो," लीलाताई म्हणाल्या. "मुलांना सवयच पडली आहे, तिच्यापर्यंत जातात आणि वापस येतात." श्रीपादने ती पुसली. घरी आला तेव्हा शामला अंगणात चिमण्यांकडे बघत बसली होती. हातात तिळाच्या गजकचा तुकडा होता. तो दाताखाली कुरकुरतो याचीच तिला गंमत वाटत होती.

"शामे," त्याने मागून हाक मारली.

ती वळली नाही.

त्याने पुन्हा हाक मारली, मोठ्याने. तेवढ्यात फाटकातून दौलतसिंह राहिलेली फाइल घेऊन आला. "बहनजी, नमस्ते," तो म्हणाला आणि शामला चटकन वळली. "या, बसा," म्हणाली. मग तिला श्रीपाद दिसला. "अरे, तू कधी आलास?"

श्रीपादने मनाची समजूत घातली. चारशे चोवीस म्हणजे तेरावी पट्टी. तिच्यात आपला आवाज बसत असेल. पण त्या रात्री तो खोकला, तेही तिला ऐकू आलं नाही. त्याने दार आपटलं, नाही. न्हाणीघरात मुद्दाम स्टीलची बादली पाडली, ती घरभर दणाणली, आणि शामला शांतपणे पोळीला तूप लावत राहिली. बादलीचा आवाज तेराव्या पट्टीचा कसा असेल? सकाळी तीच बादली मोलकरणीच्या हातून निसटली तेव्हा शामला दचकली होती.

आणखी एक झालं, ते त्याला जास्त लागलं. चौदा वर्षं ती सगळ्यांच्या तोंडाकडे बघून बोलणं समजून घ्यायची. आता गरज उरली नाही, तशी तिची नजरही सुटली. ती रेडिओ ऐकत काम करायची, शेजारणीशी भिंतीपलीकडून गप्पा मारायची. श्रीपादला मात्र तिच्या खांद्याला हात लावावा लागे, आणि दर वेळी ती घाबरून वळे. त्याला दूधवाल्याचा हेवा वाटायला लागला.

"दादा, तुझंच तेवढं का येत नाही?" एकदा तिने त्याची हनुवटी धरून विचारलं.

चारशे चोवीसचा पत्ता गेट पासच्या पुस्तकात लागला. दोन डिसेंबर, नमुना म्हणून एक पेटी, रायपूर. श्रीपाद तसाच महिपतरावांकडे गेला. दोन दिवसांचा दौरा मागितला.

"दौरा कसला? तो माल आता दुसऱ्या राज्याचा," महिपतराव म्हणाले. "तिथला माणूस असेल तोच हात लावेल. आणि तुझं काम तर झालं. हे बघ, तुझं नाव कटलं."

श्रीपादने त्यांच्यासमोरच कागद घेतला आणि रायपूरला जाण्याची संमती लिहून दिली. महिपतरावांनी तो दोनदा वाचला.

"दुनिया नाव कटवायला माझ्या दारात येते, आणि तू लावून घेतोस? घरी बहीण आहे ना तुझी?"

"तिला आता ऐकू येतं, साहेब. एकटी राहू शकते. मी सहा महिन्यांत वापस येईन."

शामलाने त्याची बॅग भरली, पण तिचं मन नव्हतं. निघताना तिने त्याचे दोन्ही हात धरले. "नको जाऊस," ती म्हणाली. "आवाज नाही आला तरी चालेल मला. तू समोर आहेस ना, ते पुष्कळ आहे."

तो काहीतरी म्हणाला. तोवर तिने मान खाली घातली होती.

रायपूरचं कार्यालय एका भाड्याच्या बंगल्यात होतं. पाटीचा रंग अजून ओला होता. मागच्या खोलीत, खुर्च्यांच्या थप्पीआड, ते खोकं होतं. सील शाबूत. श्रीपादने दार लावून घेतलं.

कार्डावर तारीख होती आणि 'शा.' होतं. त्याने पट्ट्या दाबल्या. बारा वाजल्या. तेरावी मुकी.

त्याने वायर काढली, पेटी उघडली आणि बोट ठेवलं. या वेळी जागा कोमट नव्हती. ताप आलेल्या माणसाच्या कपाळासारखी चांगलीच गरम होती.

कापूस तीनदा बदलावा लागला. हळूहळू ती गार झाली.

त्याने पट्टी दाबली. वाजली.

समोर एसटीडी बूथ होता. दुपारचा एक वाजून गेला होता. ग्वाल्हेरला शामलाची जेवायची वेळ. त्याने नंबर फिरवला. तिकडे घंटी वाजली, आणि शामलाने ती ऐकून फोन उचलला.

"हॅलो?"

"शामे! ऐकू येतंय?"

"येतंय की. एकदम साफ. कोण बोलतंय?"

त्याला हसू फुटलं. तिने चौदा वर्षांत त्याचा आवाज ऐकला नव्हता, कशी ओळखेल? "अगं, मी. दादा."



"कोण दादा?"

"श्रीपाद! रायपूरहून बोलतोय. काम झालं, शामे. पेटी मिळाली."

"तुमचा नंबर चुकला वाटतं," शामला अदबीने म्हणाली. अनोळखी माणसाशी बोलावं तशी. "श्रीपाददादा तर घरीच आहे. आत्ता, दहा मिनिटांपूर्वी आला. जेवायला बसलाय."



तिकडे ताटावर वाटी ठेवल्याचा आवाज आला. मग आतून, लांबून, एका पुरुषाने विचारलं, "कोण आहे गं, शामे?"

स्वतःचा आवाज माणसाला असा बाहेरून सहसा ऐकू येत नाही. श्रीपादला तो ओळखायला वेळ लागला नाही.

"काय माहीत, दादा. तुझंच नाव घेतायत," शामला त्या आवाजाला म्हणाली. तिच्या बोलण्यात केवढा आनंद होता. मग ती परत फोनकडे वळली.

"तो विचारतोय, कोण म्हणून सांगू?"