रेषेबाहेरचं पाचवं रीडिंग

तिची नेहमीची पार्टनर आजारी पडली, म्हणून लॅबमध्ये मॅडमनी तिच्या शेजारी नेमकं लंबूला उभं केलं. दुसऱ्या बॅचचा हा मुलगा कायम तोंडात मिठाची गुळणी धरलेला.

प्रयोग साधा होता. लोखंडी पट्टीला एकेक वजन टांगायचं आणि ती किती वाकली ते डायलवर वाचायचं. तो आकडे सांगत होता, ती लिहीत होती... धास्तावून. तिचे दोन रिपोर्ट परत आले होते. तिसरा आला, की परीक्षेला बसणं बंद.

घरी आलेख काढला, तर बाकीचे ठिपके शहाण्यासारखे रेषेवर बसले आणि पाचवा रुसल्यासारखा लांब. वर्गाची जुनी युक्ती म्हणजे आधी उत्तर ठरवायचं, मग आकडे उलटे काढायचे. त्याच युक्तीने ती दोनदा तोंडघशी पडली होती. तिने खोडरबर उचलला... आणि ठेवून दिला. या वेळी जे घडलं तेच लिहिलं, छोट्या सरळ वाक्यांत. शेवटी लिहिलं, ‘पाचवे रीडिंग रेषेबाहेर आहे. कारण समजले नाही.’

दुसऱ्या दिवशी मॅडमनी तो रिपोर्ट सगळ्यांसमोर वाचला. प्रयोग न पाहिलेला माणूसही हे वाचून तो करू शकेल, असं म्हणाल्या. तिची मान आपोआप ताठ झाली. मग मॅडमनी विचारलं, कारण का नाही समजलं?

“मला माहीत आहे, मॅडम,” मागून लंबू उठला. “पाचव्या वजनाला मी डायलकडे बघतच नव्हतो. आकडा अंदाजे सांगितला.”

“मग बघत कुठे होतास?”

त्याचे कान लालबुंद झाले. “तिच्याकडे.”

वर्गात हशा पिकला. मॅडमनी हसू दाबत त्याचे दोन मार्क कापले, तिच्या रिपोर्टवर सही केली आणि दोघांना ते रीडिंग पुन्हा घ्यायला पिटाळलं.

“गप्प बसला असतास तर मार्क वाचले असते,” ती वजन टांगत म्हणाली.

“तुझ्या रिपोर्टात खोटा आकडा राहिला असता — माझ्यामुळे.”

तिला स्वतःचा आजच्याइतका अभिमान कधी वाटला नव्हता. आणि आता त्याचाही वाटला.

“बरं... या वेळी डायलकडे बघ.”

त्याने वाचलं. ठिपका रेषेवर बसला. तिने मॅडमच्या सहीखाली दोन वाक्यं लिहिली आणि रिपोर्ट त्याच्याकडे सरकवला.

‘कारण समजले. माझी हरकत नाही.’