सळईच्या वरचं कार्ड

पहिल्याच दिवशी मी उपेंद्र खांबेट्यांच्या पायावर नऊशे कार्डं सांडली.

माझी चूक नव्हती असं म्हणायला मला फार आवडेल. पण चूक माझीच होती, कारण मी घाईत होते. मी नेहमीच घाईत असते. आई म्हणते, “जन्माला सुद्धा तू पंधरा दिवस आधी आलीस. कुठली बस चुकत होती कोण जाणे!” त्या दिवशी बस खरंच चुकली होती. मल्लेश्वरमच्या त्या संस्थेत मी धापा टाकत पोचले, तेव्हा वर्ग सुरू झाला होता, माझ्या पदराला नोव्हेंबरची भुरभुर चिकटली होती आणि विश्वेश्वर सर म्हणत होते, “उशिरा आलेल्या मिस, तो कार्डांचा खण इकडे आणा.”

मी खण ओढला, उचलला, वळले. समोर एक उंच माणूस वही छातीशी धरून उभा. मी थबकले आणि खण कलंडला. खणातली कार्डं एका सळईत ओवलेली असतात, म्हणून ती सांडत नाहीत. ती सळई साफसफाईसाठी काढून ठेवली होती. उचलण्याआधी बघायचं असतं ते.

“देवा रे!” माझ्या तोंडून निघालं. मग मी इंग्रजीतून विचारलं, “लागलं का हो?”

“नाही,” तो मराठीत म्हणाला. मग कार्डांच्या ढिगातून एक बूट हळूच बाहेर काढत, “पण आता हलू का नको, ते सांगा. हललो तर क्रम बिघडेल.”

“अय्यो! अजून कुठला क्रम राहिलाय?”

तो हसला. आधी डोळ्यांनी, मग ओठांनी... सगळंच सावकाश.

तो नोकरीत असलेल्या ग्रंथपालांचा आठ आठवड्यांचा वर्ग होता. साल त्रेसष्ट. आम्ही बारा जण. मी मुलींच्या शाळेचं ग्रंथालय सांभाळत होते, म्हणजे पुस्तकं आवडतात एवढ्या भांडवलावर तीन वर्षं कारभार रेटत होते. खांबेटे मूळचे पुण्याचे, इथे कानडी मुलखात विमानांच्या एका सरकारी प्रयोगशाळेच्या ग्रंथालयात तात्पुरत्या जागेवर. मराठी आम्ही दोघंच. म्हणून आप्पाजी नावाच्या कुणा गृहस्थांनी संस्थेला दिलेला दोन हजार मराठी पुस्तकांचा संग्रह आमच्या गळ्यात पडला. त्याची कार्डं करायची, सहा खणांत लावायची. हेच आमचं प्रात्यक्षिक.

“मिस्टर खांबेटे कार्डं लावतील. मिस प्रतिमा तपासतील,” सर म्हणाले. “जो घाई करतो त्याने तपासावं. थांबायला शिकतो.”

मग त्यांनी नियम सांगितला. नवं कार्ड एकदम सळईत ओवायचं नाही. ते आपल्या जागी सळईच्या वर नुसतं उभं करायचं. बाकीच्यांपेक्षा अर्धा इंच उंच दिसतं ते. दुसऱ्याने येऊन तपासायचं. बरोबर असेल तर सळई ओढायची, कार्ड खाली बसतं. चूक असेल तर काढून टाकायचं. “ज्याने लावलं त्याने सळईला हात लावायचा नाही. आपली चूक आपल्याला दिसत नाही.”

मला त्या माणसाची एकही चूक सापडत नव्हती, हीच तर पंचाईत होती! त्याचं अक्षर गोल, सुटं, ओळीत बसलेलं. एक कार्ड लिहायला सात मिनिटं. मी लाल पेन्सिल घेऊन बाजूला पाय हलवत बसायची.

“तुमचा पाय टेबलाला लागतोय,” तो मान वर न करता म्हणायचा.

“मग लवकर लिहा की.”

“लवकर लिहिलं तर तुमचा पाय थांबेल?”

“नाही.”

“मग सावकाश लिहितो.”

पुस्तकं शिवायचं शिकवलं, तेव्हा मैद्याची खळ मी दोनदा करपवली. कीड लागू नये म्हणून मोरचूद घालून खळ कशी शिजवायची ते त्यानेच मला दाखवलं. माझ्या हातातला चमचा काढून न घेता. त्याच्या बाहीला खळ लागली, ती मी पदराने पुसली आणि मग दोघंही उगाचच भांड्यात बघत राहिलो. खळीत बघण्यासारखं काय असतं हो?

नावं भरायचा तक्ता समोर आला, त्या दिवशी त्याने विचारलं, “तुम्ही नुसतं ‘जी. प्रतिमा’ लिहिलंय. आडनाव?”

“जी म्हणजे गुंडूराव, आमचे अण्णा. इथं आम्ही आडनाव लावत नाही.”

“पण आहे ना?”

“आहे की. ट्रंकेत आहे. सणावारी काढतो.”

तेव्हा तो मोठ्याने हसला, आणि मला ते इतकं आवडलं की दिवसभर मी त्याला हसवायच्या मागे लागले.

संध्याकाळी सगळे संपिगे रोडच्या हॉटेलात जायचे. आम्ही दोघं वन बाय टू घ्यायचो, म्हणजे एकच कॉफी, दोन ग्लासांत. त्याला या रीतीचं भारी नवल. “पुण्यात कुणी असं मागितलं तर मालक बघत राहील,” म्हणाला. मग ग्लास शेजारी ठेवून डोळा बारीक करून, “तुमच्यात जास्त आहे.”

“आता कॉफीपण तपासता?”

“तपासनीस तुम्ही. मी नुसती तक्रार केली.”

मी माझ्यातली स्वल्प त्याच्या ग्लासात ओतली. त्याने परत माझ्यात. कॉफी निवून गेली...

पाचव्या आठवड्यात सरांनी नाव बदलणाऱ्या लेखिकांचा धडा घेतला. लग्नानंतर लेखिकेची सगळी पुस्तकं नव्या नावाखाली जातात. जुन्या नावाला उरतं एकच कार्ड. त्यावर ‘पाहा’ लिहून नवं नाव. म्हणजे इथे काही नाही, तिकडे जा. दुसरा प्रकार ‘हेही पाहा’. इथेही पुस्तकं आहेत, तिथेही आहेत. दोन्ही नावं नांदती.

मी ताडकन उठले. “सर, बाईचंच नाव का म्हणून रिकामं करायचं?”

“कॅटलॉग समाज सुधारत नाही, मिस प्रतिमा. वाचकाला पुस्तक शोधून देतो. बसा.”

वर्ग हसला. खांबेटे हसला नाही. वहीत काहीतरी लिहीत राहिला, आणि मला त्याचाच जास्त राग आला. निदान माझ्याकडे बघायचं तरी!

आणि मग शेवटच्या आठवड्याचा सोमवार. कॉफी आली, दोन ग्लास आले. तो म्हणाला, “पुण्याच्या एका कॉलेजचं पत्र आलंय. ग्रंथपालाची कायमची जागा. येतो की नाही, ते शनिवारच्या टपालाने कळवायचं.”

“मग?”

“इथली नोकरी तात्पुरती. सर्टिफिकेट मिळाल्यावर कायम करतील... कदाचित.”

“मग?”

“तुम्हाला काय वाटतं?”

जगातल्या यच्चयावत गोष्टींवर मला मत असतं. आणि नेमकं तेव्हा, तो ग्लासाकडे बघतोय, माझ्याकडे नाही, एवढ्यावरून रुसून मी म्हटलं, “सरी, ठीक आहे. जा की.”

“बरं,” तो म्हणाला.

घरी आले. आई अवरेकाळूच्या शेंगा सोलत बसली होती, मीही बसले. थोड्या वेळाने आई ओरडली, “काय ग हे! सालं पातेल्यात आणि दाणे कचऱ्यात? डोकं कुठं ठेवून आलीस?” कुठे ठेवून आले होते ते मला पक्कं माहीत होतं. मी उठले, बसले, अंगणात गेले, परत आले. तो जाणार. शनिवारी कळवणार आणि जाणार, आणि ‘जा की’ मीच म्हटलेलं. माझं त्याच्यावर प्रेम होतं आणि हे सात मिनिटांत एक कार्ड लिहिणाऱ्या त्या माणसाला माझ्याशिवाय कोण सांगणार होतं?

मंगळवारी सगळे गेल्यावर मी एक कोरं कार्ड घेतलं. जमेल तितक्या गोल अक्षरात लिहिलं —

खांबेटे, उपेंद्र.
पुण्याला जाऊ नये.

पहिल्या खणात, ख मध्ये, सळईच्या वर उभं केलं. अर्धा इंच उंच. सकाळी खण तोच उघडायचा.

बुधवारी मी वेळेआधी पोचले. आयुष्यात पहिल्यांदाच! तो माझ्याही आधी आलेला. मी खण ओढला, तर ख मध्ये सगळी कार्डं एका रेषेत. माझं कार्ड नव्हतं.

“एक जास्तीचं होतं,” तो खिडकीकडे बघत म्हणाला. “काढून घेतलं.”

काढून घेतलं! चुकीचं कार्ड काढतात तसं. माझे कान तापले.

“प्रतिमाबाई... प चा खण एकदा बघून घ्याल?”

“प गेल्याच आठवड्यात झालाय.”

“तरी पण —”

“नको.”

तपासणीचा तक्ता ओढून मी सहाही खणांपुढे भराभर सह्या ठोकल्या. एकही खण उघडला नाही. शुक्रवारपर्यंत आम्ही कामापुरतं बोललो. शुक्रवारी निघताना त्याने अगदी हळू विचारलं, “प चा खण... बघितलात?”

“बघितला. सही आहे ना माझी?”

“हो. सही आहे,” तो म्हणाला. त्याचा चेहरा असा काही उतरला की मला वाटलं, याला बरं नाही.

शनिवारी सकाळी साडेअकरा वाजता विश्वेश्वर सर लाकडी पट्टी घेऊन आले. परीक्षा म्हणजे काय, तर प्रत्येक खणावरून पट्टी सरकवायची. सगळी कार्डं एका रेषेत असतील तर पट्टी सरळ जाते. पहिला खण गेला. दुसरा, तिसरा गेला. चौथ्यात, टक्.

“मिस प्रतिमा,” सर म्हणाले, “तक्त्यावर तुमची सही आहे. कार्ड मात्र सळईच्या वर आहे. दहा गुण गेले.”

त्यांनी चष्मा लावला, आणि सगळ्या वर्गासमोर एकेक अक्षर जोडत वाचलं — “प्रतिमा, जी... पाहा... खांबेटे, प्रतिमा.”

कुणीतरी खोकलं.

“या नावाची लेखिका आप्पाजींच्या संग्रहात आहे?” सरांनी विचारलं.

खांबेटे उभा राहिला. पांढराफटक. “अजून नाही, सर.”

“कार्ड कोणी लावलं?”

“मी.”

“मग तपासायचं यांनी. बरोबर असेल तर सळई ओढा, चूक असेल तर कार्ड काढा. तोवर मी बाकीच्यांचे खण बघतो.” आणि सर खरंच पलीकडच्या टेबलाकडे निघून गेले.

“कधीपासून आहे हे इथं?” मी विचारलं.

“बुधवारपासून. तुम्ही म्हणालात बघितलं... कार्ड तर तसंच वर. मला वाटलं, हेच उत्तर.”

“मी बघितलंच नव्हतं! नुसत्या सह्या केल्या! माझं कार्ड काढून टाकलंत म्हणून —”

“टाकलं नाही.” त्याने शर्टाच्या खिशातून ते काढलं. कडा मऊ झाल्या होत्या. “हे संग्रहाचं नव्हतं. माझं होतं.”

“आणि पुणं?”

“दोन पत्रं लिहिलीत. एक येतो, एक येत नाही. बारा वाजता टपाल निघतं.” त्याने घसा साफ केला. “मी आजवर कधी एका कामाची दोन पत्रं लिहिलेली नाहीत. झोप नाही चार दिवस.”

सावकाश माणसाची झोप मी उडवली होती! मला इतका आनंद झाला, की लाज वाटली.

मी लाल पेन्सिल उचलली. त्याचा चेहरा पडला. तपासनीसाने लाल पेन्सिल उचलली की कार्ड चुकलेलं असतं, आठ आठवडे हेच तर शिकलो होतो.

“चूक आहे?” त्याने विचारलं.

“एक आहे.”

‘पाहा’च्या आधी मी लिहिलं — ‘हेही’.

“हे नाव रिकामं होणार नाही,” मी म्हटलं. “मी इथंपण असणार, तिथंपण. चालेल?”

त्याने कार्ड वाचलं. सावकाश, नेहमीसारखं. तेवढ्या वेळात माझा पाय टेबलाला चारदा लागला.

“चालेल,” तो म्हणाला. “वहीत मी तेव्हाच लिहून ठेवलं होतं, की प्रतिमाचं म्हणणं बरोबर आहे. कार्ड करताना मात्र सरांचा नियम पाळला.”

प्रतिमा. बाई नाही, मिस नाही.

मी सळई ओढली. कार्ड अर्धा इंच खाली बसलं, सगळ्यांच्या रेषेत. सळई परत घातली आणि भिंतीवरचं घड्याळ बघितलं. तपासणीत आणि बोलण्यात वेळ कसा गेला ते कळलंच नव्हतं. बाराला सात कमी.

“उपेंद्र! आता पळा की! टपाल!”

त्याने दोन्ही पत्रं बाहेर काढली. मग ‘येतो’चं पत्र फाडून त्याने टेबलावर ठेवलं, दुसरं हातात घेतलं आणि तो सावकाश माणूस दोन-दोन पायऱ्या टाकत जिना उतरू लागला.

मीही निघाले. मागून सरांचा आवाज आला, “मिस प्रतिमा, दहा गुण गेले ते गेलेच. आणि खण जागेवर ठेवून जा.”

मी परत फिरले. आधी सळई नीट बसलीय का ते बघितलं, मग खण उचलला, जागेवर ठेवला, आणि धावत सुटले.