जीपचं अस्तर

लोकरीचा जाड नमदा आणि रबरी पट्ट्या आणायला दोघं नवराबायको बाजारात गेली, तेव्हा दोघांच्याही मनात काही वाईट आलं नव्हतं. नवरा पाण्याचे पंप दुरुस्त करायचा. गावोगाव सामान न्यायला त्याने एक म्हातारी जीप घेतली होती. पण आत बसलं की आवाज असा, की शेजारच्याने शिवी दिली तरी आपण हसून मान डोलवावी.

जीप विकणाऱ्या मिस्त्रीने सांगितलं होतं, "आधीच्या मालकाने आतलं अस्तर स्वतःच्या हाताने उपटून टाकलं. मी म्हटलं, अहो, कान फुटतील. तर म्हणाला, फुटू देत." नवरा हसला होता. तिला हसू आलं नाही. सहा महिन्यांचं बाळ मांडीवर असलं की बाईला कशाचंच पटकन हसू येत नाही.

काम दोघांनी मिळून सुरू केलं, आणि खरं सांगायचं तर लग्नानंतरचे तेच दिवस तिला सगळ्यात गोड गेले. तो गाडी चालवायचा. ती बाळाला घेऊन मागे बसायची, पत्र्याला कान लावायची आणि जिथे खडखड ऐकू येईल तिथे खडूने फुली मारायची. घरी आल्यावर तो त्या फुलीवर नमदा चिकटवायचा. "तुझा कान म्हणजे कान आहे बरं," तो म्हणायचा, आणि तेवढ्यावर तिचा दिवस जायचा. हळूहळू दारं गप्प झाली. इंजिनामागचा पत्रा गप्प झाला. पायाखालची थरथर फोमने गिळली.

मग एका दुपारी, मागच्या बाकाच्या कोपऱ्यात, तिला तो आवाज ऐकू आला. ती खडखड नव्हती. तोंड मिटून, मऊ, संथ... मूल थोपटताना बाई जशी गुणगुणते, तसं काहीतरी. तिचा खडू हातातच राहिला. पत्रा गार होता, पण त्याला लावलेला कान मात्र गरम होत चालला होता, जणू पलीकडून कुणी तोंड जवळ आणलंय.

"अहो... इथे काहीतरी..."

"श्श," मागे न बघताच तो म्हणाला. "ऐकू दे."

म्हणजे त्यालाही ऐकू येत होतं. कधीपासून, कोण जाणे.

त्या दिवसापासून त्याने तिला गाडीत न्यायचं बंद केलं. "आता फुल्या नकोत. मला कळतं कुठे काय ते." जेवण झालं की बाळाला उचलायचा आणि निघायचा. "गाडीत छान निजतं ते." आणि खरंच निजायचं. तिच्या खांद्यावर रडून रडून लाल होणारं पोर तिकडून यायचं ते तृप्त, हसरं. नवऱ्याला मात्र घरातलं काहीच सोसेना. भांडं वाजलं की कपाळाला आठी. तिने हाक मारली की, "हळू बोल गं, जरा हळू." हळू बोलता बोलता ती बोलायचीच थांबली.

भिंतीपलीकडून जाऊबाई डोकावल्या. "काय गं, सवत दारातच आणून उभी केलीस की! तीही चार चाकांची!"

"निदान माझ्या चुलीशी तरी येत नाही ती, जाऊबाई," ती हसून म्हणाली.

पण घरात गेल्यावर ती दाराला पाठ लावून उभी राहिली, आणि पोटात काय जळतंय ते तिला कळलं. भीती असती तर बरं झालं असतं. हा मत्सर होता. जिला तोंड नाही, नाव नाही, अशा एका गुणगुणण्याचा मत्सर! आज नवरा गेला, उद्या लेकरू जाईल, आणि आपण आपल्याच घरात दबक्या आवाजात भांडी घासत बसू.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवरा मित्राच्या मोटारसायकलवरून कामाला गेला. तिने बाळाला जाऊबाईंकडे दिलं, स्वयंपाकघरातलं उलथणं घेतलं आणि जीपमध्ये शिरली. भर उजेडात, दात-ओठ खाऊन, तिने सगळं अस्तर खरवडून काढलं. नखं तुटली. जीप सकाळपासून सावलीत होती, तरी मागच्या कोपऱ्यातला नमदा हाताला ऊबदार लागला... नुकतंच कुणी उठून गेलेल्या अंथरुणासारखा. तो तिने सगळ्यात लांब फेकला.

दुपारी नवरा आला. अंगणातल्या ढिगाकडे त्याने पाहिलं. आता तो ओरडेल, हात उगारेल, असं तिला वाटलं. निदान भांडेल तरी माझ्याशी! पण तो शांतपणे म्हणाला, "बस. एक फेरी मारून येऊ."

जाऊबाईंकडून बाळाला घेऊन ती पुढच्या सीटवर बसली, ऐटीत. जीप सुरू झाली आणि सगळे पत्रे एकदम बोंबलायला लागले. तिचा जीव भांड्यात पडला.

"आता ऐका म्हणावं गाणी!" ती घसा फोडून ओरडली.

त्याने मान वळवली नाही. पण त्याचे ओठ हलत होते. तो काहीतरी बोलत होता, मग थांबत होता. मान किंचित मागे कलती करून ऐकत होता, हसत होता, पुन्हा बोलत होता. ती त्याच्या तोंडाशी कान नेऊन बसली. खडखडाटाशिवाय काही ऐकू येईना. सगळा गोंगाट फक्त तिच्याच वाट्याला आला होता. तिने झटकन मागे पाहिलं. बाक रिकामं होतं.

एवढ्या कल्लोळात बाळ मात्र गाढ झोपलेलं. तिने त्याच्या नाकाशी बोट धरलं. श्वास होता. ओठ चुटुचुटु हलत होते.

सकाळपासून बाळाला पाजायचं राहून गेलं होतं. छाती दाटून दुखत होती... आणि बाळाच्या ओठांच्या कोपऱ्यातून ताजं, कोमट दूध ओघळत होतं.