दाराची ओळ

ही घडलेली गोष्ट आहे. ज्यांना खोटी वाटेल त्यांनी कळंबला यावं आणि किसनराव सरांना विचारावं.

रात्र नव्हती. मे २०१५ मधला मंगळवार, दुपारचे दोन.

कापसाचे दिवस फिरले आणि गावाबाहेरचं एक जिनिंग, कापसातून सरकी काढायचा कारखाना, बंद पडलं. तिथल्या ऑफिसच्या खोलीत किसनराव सर, गणिताचे निवृत्त शिक्षक, मुलांना फुकट कॉम्प्युटर शिकवत. शेजारी गोदाम. मध्ये फक्त पत्र्याची भिंत. गोदामाला दोन वर्षांपासून कुलूप.

नववीतली अलफिया पायथन ही कॉम्प्युटरची भाषा नव्याने शिकत होती. पहिलाच गेम, भूलभुलैयाचा. चित्रं नाहीत, नुसत्या ओळी. ‘कुठे जायचं?’ असं स्क्रीन विचारणार. एक म्हणजे पुढे, दोन मागे, तीन डावीकडे, चार उजवीकडे. दार सापडलं की गेम संपला.

पण दार सापडतच नव्हतं.

जेवायला जाताना सर म्हणाले, “चुलीतलं लाकूड चुलीतच पाहिजे, पोरी. ओट्यावर ठेवून भात शिजते काय? कोणती ओळ बाहेर राह्यली ते पाय.”

अलफिया एकटी उरली. ती माठातलं पाणी घ्यायला उठली.

आणि स्क्रीनवर आकडा उमटला... ३.

गोदामात पाऊल वाजलं.

पुन्हा ३. पुन्हा पाऊल.

‘इथे भिंत आहे,’ स्क्रीन म्हणाली.

पत्र्यावर थाप पडली.

ती दाराकडे धावली. दाराला बाहेरून कडीच नव्हती. तरी ते उघडेना. खिडकीला गज. तिने सरांना हाका मारल्या. उन्हात कुत्रंही नव्हतं.

तिने गेम बंद केला.

क्षणभर शांतता...

मग सगळा पत्रा एकदम वाजू लागला. वर, खाली, कोपऱ्यात. एका माणसाला इतके हात नसतात.

रडत रडत ती ओळी वाचू लागली. तिथेच चूक होती. दाराची ओळ तिने फेऱ्याच्या, म्हणजे पुन्हा पुन्हा चालणाऱ्या ओळींच्या, बाहेर लिहिली होती. आतला कितीही फिरला, तरी त्या ओळीपर्यंत पोचणार नव्हता.

तिने ती ओळ चार जागा आत, फेऱ्यात सरकवली. गेम चालू केला.

३. ३. १. १.

‘दार उघडलं.’

तिच्या पाठीमागचं दार उघडलं. तिथे कोणी नव्हतं.

ती पळाली ती फाटकात सरांनाच धडकली.

“काहून पळून राह्यली, माय?”

“सर, आत कोणीतरी दार शोधून राह्यलं होतं. दार मीच बाहेर लिहून ठेवलं होतं.”

सर हसले नाहीत. ते तिच्यासोबत आत आले.

स्क्रीनवर ‘दार उघडलं’ सात वेळा होतं. सरांनी ओळी दोनदा वाचल्या. एकदा दार उघडलं की गेम संपायलाच हवा होता.

सातव्या ओळीखाली... ‘कुठे जायचं?’

दोघांचेही हात कीबोर्डपासून लांब होते.

४. ‘इथे भिंत आहे.’

२. ‘इथे भिंत आहे.’

मग लोडशेडिंग झालं. स्क्रीन विझली.

पत्र्यावर एकच थाप पडली. हळू. लहान हाताची.

संध्याकाळी अलफियाचे अब्बा निजामुद्दीन मिस्त्री यांनी कुलूप तोडलं. गोदाम रिकामं होतं. जमिनीवर धुळीचा थर, त्यावर एकही पाऊल नाही.

तो कॉम्प्युटर सरांनी कुणाला दिला नाही. तो पुन्हा चालूही केला नाही. चालू केल्यावर काय काय बाहेर येईल, ते त्यांना ठाऊक नाही.

अलफिया आता अमरावतीला नोकरी करते. दर ईदला शिरखुर्मा घेऊन येते आणि दारातच विचारते, “सर, गेम चालू केला काय?”

सर नकारार्थी मान हलवतात.

“म्हणजे ते लेकरू अजून आतच आहे.”

शिरखुर्म्याचा डबा सरांच्या हातात तसाच राहतो.