शेवटचा लाल चौकोन

शरीरशास्त्राच्या बाईंचा एक हट्ट होता. वर्गातल्या शेवटच्या पोराला कळल्याशिवाय पुढचा धडा काढायचा नाही. पूर्वी त्या चेहरे बघून अंदाज बांधायच्या, पण खोट्या माना डोलावण्यात पोरं कसली पटाईत! म्हणून यंदा त्यांनी कॉलेजशी भांडून एक अ‍ॅप आणवलं. भिंतीवर प्रश्न झळकायचा, मुलं मोबाइलवर उत्तर द्यायची आणि प्रत्येकाचा एक चौकोन भिंतीवर उमटायचा. बरोबर असेल तर हिरवा, चुकलं तर लाल. चौकोनावर नाव नसायचं. चुकणाऱ्याची शोभा होऊ नये, हा आग्रह बाईंचाच.

गाडी अडली श्वासाच्या धड्यावर. श्वास सोडताना फुप्फुसांखालचं श्वासपटल वर जातं, खाली जातं, की हलतच नाही? सगळे चौकोन हिरवे झाले, एक लाल राहिला. त्यानं 'हलतच नाही' निवडलं होतं. बाईंनी पुन्हा शिकवलं, चित्रं काढली, फुगे फुगवून दाखवले. चौकोन रोज लालच.

वर्ग वैतागला. नजरा वळल्या बाईंच्या भाचीकडे, कारण गेल्या वर्षी याच विषयात तिची दांडी उडाली होती.

"मावशी, शप्पथ, मी नाही गं!" घरी ती रडकुंडीला आली. "मी झोपेतसुद्धा बरोबर उत्तर देईन."

प्राचार्यांनी बाईंना बोलावून घेतलं. "एका मुलीपायी अख्खा वर्ग खोळंबलाय. उद्या तो चौकोन हिरवा झाला नाही, तर तिला परीक्षेला बसवायचं नाही. घरचं माणूस म्हणून डोळेझाक नको."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "उद्या हिरवा करून दाखवते," त्या म्हणाल्या आणि निघाल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी भाचीचा मोबाइल बंद करून स्वतःच्या टेबलावर ठेवला. लाल चौकोन आलाच. मग त्यांनी सगळ्यांनाच मोबाइल बंद करायला सांगितले. हिरवे चौकोन भराभर विझले. लाल तेवढा राहिला. मागे कुणीतरी खिदळलं, पण त्याला साथ मिळाली नाही.

प्राचार्यांना हे सांगून काय उपयोग? त्यांना हिरवा हवा होता. बाईंनी मुलांना घरी पाठवलं आणि भाचीला दाराबाहेर थांबवलं.

वर्ग भरायचा त्या हॉलच्या खुर्च्या स्प्रिंगच्या. माणूस उठला की बैठक खाडकन वर मिटायची. एकेक करत सगळ्या मिटल्या. शेवटच्या रांगेतली, भिंतीलगतची एक मात्र खालीच होती. स्प्रिंग गेली असेल, बाईंनी स्वतःला बजावलं. खिडकीतून दुपारचं लख्ख ऊन येत होतं, तरी त्या टेबलापासून हलल्या नाहीत. भीती वाटली, चांगलीच वाटली. पळून जावंसं वाटलं. पण पोरीचं वर्ष होतं पणाला. आणि शिकायलाच बसलंय ना कुणी? मग शिकवायचं.

"हात पोटावर ठेव," बाई त्या खुर्चीकडे बघून म्हणाल्या. "माझ्याबरोबर. घे आत. पोट पुढे आलं? म्हणजे श्वासपटल खाली गेलं. आता सोड."

काही नाही.

"पुन्हा. घाई नाही. घे आत."

घसा कोरडा पडेस्तोवर त्या सांगत राहिल्या.

मग शेवटच्या रांगेतून श्वास ऐकू आला. अडखळत ओढलेला, कसाबसा जमलेला.

"सोड," बाई म्हणाल्या. "सोड आता. वर जातंय बघ."

तो सुटला.

चौकोन हिरवा झाला. बैठक खाडकन मिटली.

भाची सुटली! बाईंचे डोळे भरून आले. त्यांनी भिंतीचा फोटो काढून प्राचार्यांना धाडला आणि फळा पुसायला पाठ वळवली.

वळून बघतात तो भिंतीवर एक लाल चौकोन. त्याच्या शेजारी दुसरा. मग ओळ. मग भिंतभर.

हॉलमध्ये एकही बैठक मिटलेली नव्हती.

बाईंनी भिंतीकडे पाहिलं. खडू पुन्हा उचलला.

दार किलकिलं झालं. "मावशी, अजून किती वेळ?"

"सगळ्यांना कळेपर्यंत. ये, आत बस."

भाचीनं पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत नजर फिरवली.

"कुठे बसू?" ती हळूच म्हणाली. "जागाच नाही गं."