आधी सावद्याला जाऊन या

पाचोरा जंक्शनवर माझी बाजाची पेटी एका अनोळखी माणसाच्या पायावर पडली. जामनेरच्या छोट्या गाडीतून उतरत होते, कडी हातातून निसटली आणि... धप्प!

"अगंबाई! लागलं का हो?"

"नाही, नाही," तो एका पायावर उभा राहत म्हणाला, "दुसरा पाय अजून शिल्लक आहे."

मला हसू आवरेना. उंच, सावळा, खांद्यावर वळकटी. पेटी त्यानंच उचलली आणि लंगडत लंगडत मोठ्या गाडीपर्यंत आणली.

"मी निंबा. सावद्याचा. धुळ्याला चाललोय, देवपूरच्या ख्रिस्ती बोर्डिंगमध्ये. तिथल्या मळ्यावर काम मिळालंय."

त्याच बोर्डिंगच्या शाळेत मी शिकवत होते, आणि तिथल्या मंडळीचे पाळक म्हणजे माझे बाबा. पण मी काही बोलले नाही. म्हटलं, कळेल की!

रविवारी उपासनेत मी पेटीवर बसले, तर समोर हा! गाणं संपल्यावर दाराशी येऊन हळूच म्हणाला, "चेहरा विसरलो असतो एक वेळ... पण पेटी? पाय लगेच ओळखतो."

ते पंचावन्न साल. हिवाळा सरत आला होता.

मग माझ्या वर्गाच्या खिडकीखालची झाडं फार भाग्यवान झाली. सकाळी पाणी मिळालेल्या जास्वंदीला दुपारी पुन्हा पाणी मिळायचं.

"कुजतील ती मुळं!" मी खिडकीतून म्हणायचे.

"ऊन फार आहे, एस्तेरबाई."

"झाडांना... की माळ्याला?"

तो मान खाली घालून हसायचा. आणि फळ्यावर मी काय लिहीत होते, तेच मला आठवायचं नाही.

त्याची हकीगत हळूहळू कळली. घर केळीच्या बागांचं. भुसावळला एका सभेत त्यानं प्रभूचं वचन ऐकलं आणि त्याचं मन तिथंच राहिलं. पुढं बाप्तिस्मा घेतला. घरच्यांचा विषय निघाला, की मात्र तो फावडं उचलून चालू लागायचा.

मे महिन्यातल्या एका संध्याकाळी आम्ही पांझरेच्या काठानं येत होतो. नदी अगदी बारीक झाली होती.

"एस्तेरबाई, तुमच्या बाबांकडे यायचं म्हणतोय."

"रोजच तर येता."

"तसं नाही... तुमच्याबद्दल विचारायला."

माझे कान तापले. 'हो' अगदी ओठांवर आलं होतं — पण भलतंच बोलून गेले.

"लग्नाला तुमच्या घरचं कोण येईल?"

तो थांबला.

"थोरला भाऊ आहे. जीवरामभाऊ. वडलांच्या मागं त्यानंच मला वाढवलं. मी बाप्तिस्मा घेतला तेव्हा तो टाकून बोलला, आणि मी... साऱ्या गावासमोर त्याच्या थोबाडीत मारली. तसाच निघून आलो."

"माफी मागितलीत?"

"प्रभूची मागितली."

"आणि भावाची?"

त्यानं एक खडा उचलून पाण्यात भिरकावला.

"आपण दर रविवारी वेदीसमोर बसतो," मी म्हटलं. "प्रभूनं काय सांगितलंय? अर्पण तिथंच राहू दे, आधी भावाशी समेट कर. मग त्याच वेदीसमोर आपण लग्नाला कसे उभे राहणार?"

"पाळकाच्या मुलीला सांगणं सोपं आहे!"

"सोपं?" माझा आवाज चिरकला. "तुम्ही गेलात, आणि त्यांनी परत येऊच दिलं नाही तर? तिकडंच एखादी मुलगी बघून दिली तर? मग माझं—"

जीभ चावली मी. पण उशीर झाला होता. त्याच्या डोळ्यांत हसू उजळत चाललं होतं.

"म्हणजे... उत्तर 'हो' आहे?"

"आधी सावद्याला जाऊन या!"

दुसऱ्या दिवशी तो गेला.

आठवडाभरात बातमी आली, सावदा-रावेरकडे वादळ झालं, केळीच्या बागा आडव्या झाल्या. मग काहीच नाही. जून उलटला. भजनाला माझे सूर चुकू लागले. कडेला बसणाऱ्या भिकुबाई कुजबुजल्या, "पोरी, तुना सूर बठ्ठा चुकी ऱ्हायना!"

एका सकाळी बाबांनी डोक्यावर हात ठेवला. "पाठवलंस, ते बरोबर केलंस."

"मग इतकं दुखतं का, बाबा?"

"आज्ञा पाळली की दुखत नाही, असं कोणी सांगितलं तुला?"

तोवर मी रोज 'त्याला परत आण' एवढंच मागत होते. त्या सकाळी पहिल्यांदा निराळं मागितलं. 'त्या दोघा भावांना एक कर, प्रभू... मग तो इकडे येवो, न येवो.' आमेन म्हणताना पदर भिजला. पण छाती हलकी झाली.

जुलैत, रिमझिम चालू असताना, दारात टांगा थांबला. आधी उतरले ते झुबकेदार मिशांचे एक गृहस्थ. मग नऊवारीतली एक बाई. आणि मागून... तो! रापलेला, वाळलेला, आणि चेहराभर हसू.

"रामराम, आबा," मिशावाले बाबांना म्हणाले. "मी जीवराम. यानं मले गावासमोर मारलं, ठाऊक आहे ना तुमाले?"

"ठाऊक आहे," बाबा म्हणाले.

"गावासमोरच पाय धरले यानं. वादळानं बाग झोपली होती. म्या म्हटलं, पाय सोड, कोयता घे. बोललो नाही, पण राबून घेतलं. शेवटी हिनंच दोघायले एका ताटात वाढलं." त्यांनी बायकोकडे, बेबावहिनींकडे, पाहिलं. "याचा देव मले समजत नाही, आबा. पण त्यानं माह्या भाऊ परत धाडला. अन् हा म्हणे, धुळ्याच्या मास्तरणीनं मले हाकललं! म्हटलं, असी पोरगी पाह्यलीच पाहिजे."

बेबावहिनींनी मला न्याहाळलं. "तिखट खाते का गं?"

"खाते," मी पुटपुटले.

"मग झालं तर!"

सगळे हसले. मोठी माणसं आत गेली, आणि ओसरीवर आम्ही दोघंच उरलो. पन्हाळीतून पाणी ठिबकत होतं.

"खरं सांगू?" तो हळूच म्हणाला. "निघालो तुमच्यासाठी. पण चाळीसगावला गाडी बदलताना मनात आलं, एस्तेर मिळणार नसेल, तरी जाशील? फार वेळ बाकावर बसून राहिलो... आणि मग गाडीत चढलो."

"म्हणजे माझ्यावाचून चाललं असतं तुमचं?"

"जाणं झालं असतं," तो म्हणाला. "चाललं नसतं."

मी त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या तळव्यांवर कोयत्याचे घट्टे होते. त्यातला एक तळवा मी दोन्ही हातांत धरला — पाळकाच्या ओसरीवर, भर दिवसा!

"हो," मी म्हणाले.

"काय हो?"

"तुम्ही मे महिन्यात विचारलं होतंत ना... ते हो."